फोटो पालथा ठेवून

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण जलरंग शिकायला जमतो. आमचे सर आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. शिष्यवर्गात बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, औषधांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ आहेत, कॉलेजातली दोन मुलं आहेत आणि मी आहे. मी कविता लिहिणारा माणूस. शाळेत असताना एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा पास झालो, इंटरमिजिएटला आपटलो आणि ब्रश जो खाली ठेवला तो पन्नाशी उलटल्यावरच पुन्हा हातात घेतला.

मध्यंतरी सरांनी सांगितलं, "पुढच्या शनिवारी प्रत्येकानं आपल्या प्रवासातला एक फोटो आणा. नवं चित्र त्यावरून सुरू करायचं. कॅलेंडरवरचा नको. तुम्ही स्वतः जिथं उभे होतात तिथला हवा."

बाकीच्यांनी मोबाइलवर लडाख आणलं, केरळ आणलं, हर्णैचं बंदर आणलं. मी एक पाकीट घेऊन गेलो. त्यात पोस्टकार्डाएवढा एकच फोटो होता, १९८८ सालचा.

तेव्हा मी बी.ए.ला होतो. अम्मानं खुलताबादच्या दर्ग्याला नवस बोलला होता. तो फेडायला एसटीनं आम्ही औरंगाबादला गेलो, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. तिथून दौलताबादच्या वाटेनं खुलताबाद. चादर चढवून झाली, तबर्रुक वाटून झालं आणि हातात अर्धा दिवस उरला. घाट उतरलं की वेरूळ. मी म्हटलं, अम्मा, लेणी बघू या. मित्राकडून मागून आणलेला हॉट शॉट कॅमेरा गळ्यात होता आणि रोलमधले चार-पाचच फोटो शिल्लक होते. कैलास लेण्याच्या अंगणात, दगडी हत्तीच्या शेजारी, मी अम्माचा फोटो काढला. तिचा माझ्याकडे असलेला धड फोटो तेवढाच. बाकी सगळे लग्नातल्या गर्दीतले, कुणाच्या तरी खांद्यामागचे.

सरांनी तो फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. म्हणाले, "कवी, हा फोटो तीन ठिकाणी खोटं बोलतोय."

पहिलं खोटं रंगाचं. त्या काळच्या रंगीत प्रिंटमध्ये निळसर, किरमिजी आणि पिवळा असे रंगांचे तीन थर असत. पाकिटात, ट्रंकेत पडून राहिलेल्या प्रिंटमधला निळसर थर बहुधा आधी उडतो आणि सगळं चित्र तांबूस होत जातं. माझ्या फोटोत वेरूळचा काळा पाषाण विटकरी झाला होता आणि आभाळ गुलाबी. दुसरं खोटं सावल्यांचं. कॅमेऱ्याला सावलीत नुसता काळोख दिसतो, पण उघड्या डोळ्यांना त्या काळोखात दगड दिसत असतो, त्याची नक्षी दिसत असते. तिसरं खोटं रेघांचं. कॅमेरा वर उचलून धरला की उभ्या रेघा आत कलतात. अंगणातला ध्वजस्तंभ माझ्या फोटोत मागं रेलून उभा असल्यासारखा दिसत होता.

मग त्यांनी आम्हाला त्यांची पद्धत सांगितली. फोटो दहा मिनिटं नीट बघायचा. मग तो टेबलावर पालथा घालायचा आणि जे आठवेल ते पेन्सिलीनं काढायचं. फोटो सुलटा करायचा तो फक्त मापं तपासायला. सर मूळचे कोल्हापूरचे. आबालाल रहिमान यांचं नाव घेतल्याशिवाय त्यांचा तास संपत नाही. जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून कोल्हापूरला परतलेले आबालाल रंकाळ्याच्या आणि कोटितीर्थाच्या काठावर प्रत्यक्ष बसून रंगवायचे. १९३१ साली ते गेले, पण कोल्हापूरच्या चित्रकारांना ते अजून कालच गेल्यासारखे वाटतात. सरांचं म्हणणं, "आबालालांसारखं जागेवर बसून रंगवायला आपल्याला सवड नाही, म्हणून फोटो. पण फोटो म्हणजे जागा नव्हे."

त्या संध्याकाळी जिना उतरताना डोक्यात एक प्रश्न घेऊनच उतरलो. फोटो नव्हते तेव्हा लोक काय करत? वेरूळ पाहिलेल्या माणसानं ते न पाहिलेल्याला दाखवायचं कसं? आमच्या वाड्यापासून भारत इतिहास संशोधक मंडळ जवळच आहे. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली सुरू केलेल्या या संस्थेच्या वाचनालयात मी पूर्वी बखरी वाचायला जात असे, कवितेला जुने शब्द मिळतात म्हणून. पुन्हा जाऊ लागलो. तिथल्या आणि इतर ठिकाणच्या वाचनातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा पुण्याच्या दरबारातला पहिला रेसिडेंट. १७८६ ते १७९७ या काळात तो त्या जागेवर होता आणि मुळा-मुठेच्या संगमावर राहत होता. राजकारण हा त्याचा धंदा आणि लेणी, मूर्ती, जनावरं यांची माहिती जमवणं हा त्याचा नाद. या नादासाठी त्यानं पुण्यातला एक माणूस हाताशी धरला. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. आडनाव सांगतंच की घराणं तांबटाचं. आपल्या कसबा पेठेत तांबट आळी अजून आहे आणि तिथून जाताना ठोक्यांचा आवाज अजूनही कानावर येतो. भांड्याचा डौल नुसत्या नजरेनं तोलणाऱ्या जातीतला माणूस चित्राकडे वळला तर त्याचं माप चुकणार नाही, असं आपलं मला वाटतं.

पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. १७९० च्या नोव्हेंबरात गंगारामनं तिथल्या गेंड्याचं जलरंगात चित्र काढलं. ते आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहे. गंगारामची बरीचशी चित्रं तिथंच आहेत.

इथं जलरंगाविषयी थोडं सांगायला हवं. आपल्याकडचे जुने चित्रकारही पाण्यातच रंग कालवत, पण तो रंग दाट असे. खालचं झाकून टाकणारा. उजेड दाखवायचा तर वरून पांढरा लावायचा. विलायती जलरंगाची रीत उलटी. तिथं रंग चहाच्या पाण्यासारखा पातळ आणि उजेड म्हणजे मोकळा सोडलेला कागद. एकदा झाकलेला पांढरा पुन्हा मिळत नाही. म्हणून उजेड कुठं ठेवायचा ते सुरुवातीलाच ठरवावं लागतं. त्यात १७८० च्या सुमारास लंडनच्या रीव्ह्ज बंधूंनी जलरंग कोरड्या वडीच्या रूपात विकायला आणले. वडी ओली केली की रंग तयार. खलबत्ता नको, डिंक नको. पेटी खिशात घालून डोंगर चढता येऊ लागला. शाळेत आपण जे कॅमलचे केक कलर वापरले, त्यांचे हे पूर्वज.

तर गंगाराम वेरूळला गेला. तिथं राहून त्यानं लेण्यांची मापं घेतली, नकाशे काढले, चित्रं काढली. मॅलेटनं वेरूळवर एक लेख लिहिला आणि तो 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात १७९९ साली छापला गेला. त्या लेखामागची मेहनत गंगारामच्या हाताची. कैलास लेणं खडक वरून खाली खोदत नेऊन केलेलं आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, म्हणजे आठव्या शतकातलं. त्याचं चित्र काढायला बसलेल्या माणसाची पंचाईत अशी की पुरेसं मागं सरकताच येत नाही. मागं सरकलं की पाठीला दगडाची भिंत लागते. पुढं जावं तर शिखर दिसत नाही. कॅमेरा तिथं कलतो आणि चुकतो. गंगारामला मात्र तुकड्यातुकड्यानं पाहून, मोजून, ते सगळं एका कागदावर बसवावं लागलं असणार.

याच सुमाराला जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार मुंबईला उतरला. साल १७९१. पुढच्या वर्षी तो पुण्याला आला. त्यानं सवाई माधवरावांचं आणि नाना फडणविसांचं चित्र काढलं. ते लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. गंगारामनं त्याच्या हाताखालीही काम केलं. वेल्सला लेण्यांचं वेड लागलं होतं. १७९५ च्या अखेरीस साष्टीतल्या लेण्यांची चित्रं काढत असताना त्याला ताप आला आणि ठाण्याला तो गेला. त्याच वर्षी पुण्यात सवाई माधवरावही गेले.

मॅलेट विलायतेला परतला तेव्हा वेल्सचे कागद त्याच्याबरोबर गेले. पुढं १७९९ मध्ये त्यानं वेल्सच्या मुलीशी, सुझानाशी लग्न केलं, म्हणजे सासऱ्याचा चित्रसंग्रह जावयाच्या घरात राहिला म्हणायचा. ते कागद त्यानं थॉमस डॅनियल या नामांकित चित्रकाराच्या हवाली केले. डॅनियल काका-पुतणे हिंदुस्थानात पुष्कळ हिंडले होते, पण वेरूळला गेले नव्हते. तरी १८०३ साली त्यांनी वेरूळच्या लेण्यांची चोवीस दृश्यं तांब्याच्या पत्र्यांवर कोरून प्रसिद्ध केली. विलायतेतल्या लोकांनी वेरूळ पाहिलं ते त्या चित्रांतून. पुस्तकाच्या पहिल्या पानावर वेल्सचं नाव आहे, डॅनियलचं आहे. गंगाराम तांबटाचं नाही.

मला हे वाचून राग आला, असं नाही म्हणणार. त्या काळात हीच रीत होती. आणि डॅनियलनं फसवणूकही केली नाही, मूळ चित्रं वेल्सची असं त्यानं छापलं. पण दुसऱ्यानं पाहिलेल्यावरून आपण चित्र काढायचं, ही माझी शनिवारची अडचण दोनशे वर्षांपूर्वीही होती, एवढं मात्र कळलं. तीही लहानसहान नव्हती.

आता याहून मोठं उदाहरण. ते तर आपल्या पुण्याचंच.

१७९० साली पेशवे आणि इंग्रज यांच्यात टिपू सुलतानाविरुद्ध करार झाला. मॅलेट तो करार दरबारात पुरा करतो आहे, असं एक प्रचंड तैलचित्र थॉमस डॅनियलनं १८०५ मध्ये पुरं केलं. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. तुम्ही ते पुस्तकांत पाहिलं असेल. नक्षीदार खांब आणि कमानी, मधोमध कोवळे सवाई माधवराव, भोवती मानकऱ्यांची दाटी. शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल कसा होता असं कुणी विचारलं की आपण हेच चित्र पुढं करतो. कारण वाडा १८२८ च्या आगीत जळाला. तट राहिला, चौथरे राहिले, आतलं काही राहिलं नाही.

पण हे चित्र काढणारा डॅनियल त्या दरबारात नव्हता. करार झाला तेव्हा तो उत्तरेत फिरत होता. त्यानं चित्र रचलं ते वेल्सच्या अभ्यासचित्रांवरून. आणि वेल्स? तो तर मुंबईला उतरला १७९१ मध्ये. म्हणजे ज्या प्रसंगाचं हे चित्र, तो प्रसंग दोघांपैकी एकानंही पाहिलेला नाही. वेल्सनं माणसं पाहिली होती, पुण्याचा दरबार पाहिला होता, पण नंतर. त्यावरून डॅनियलनं मागचा दिवस उभा केला. आपण आज रंगमहाल डोळ्यांसमोर आणतो तो असा तिसऱ्या हातून आलेला. म्हणून ते चित्र टाकाऊ ठरतं का? मुळीच नाही. दुसरं आहे काय आपल्याकडे! फक्त खांब मोजताना आपण डॅनियलच्या लंडनमधल्या खोलीत उभे आहोत, हे विसरू नये.

ही परंपरा सदाशिव पेठेलाही परकी नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली सुरू केलेल्या आणि पुढं वासुकाका जोश्यांनी चालवलेल्या चित्रशाळा प्रेसचा पत्ता कित्येक वर्षं सदाशिव पेठेतलाच होता. चित्रशाळेनं छापलेलं रामपंचायतन मराठी घराघरांत टांगलेलं असे. कोणत्या तरी चित्रावरून दगडावर, दगडावरून कागदावर, कागदावरून भिंतीवर. नानांचा, पेशव्यांचा चेहरा आपल्या मनात बसला आहे तो अशाच उतरवून घेतलेल्या चित्रांमुळे.

फोटो आल्यावर तरी हा घोळ मिटला असेल, असं वाटतं ना? अजिंठ्याची हकीकत ऐका. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर होता. वर्षानुवर्षं त्या अंधारात बसून त्यानं मोठमोठे कॅनव्हास रंगवले आणि विलायतेला पाठवले. मग त्यानं कॅमेराही हाती घेतला. १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथं टांगलेली त्याची बहुतेक चित्रं जळाली. फोटो उरले. पण ते काळे-पांढरे. आकार राहिला, रंग गेला. म्हणून १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन पुन्हा अजिंठ्याला गेले, पुन्हा रंगांच्या नकला. त्यातल्याही बऱ्याचशा १८८५ मध्ये लंडनच्याच आगीत गेल्या. गिल १८७९ साली गेला. त्याची कबर भुसावळला आहे. लोक त्याच्या प्रेमकथा सांगतात. मला मात्र ती आगीची बातमी अजिंठ्याला पोचली असेल तो दिवस आठवत राहतो.

हे सगळं वाचून मी माझ्या फोटोकडे परत आलो.

चित्र कोणत्या कागदावर काढायचं ते माझं आधीच ठरलं होतं. माझं आजोळ जुन्नरचं. जुन्नरला हातकागद करणारी मुसलमान घराणी होती. लोक त्यांना कागदी म्हणत. जुन्नरी आणि दौलताबादी कागद मराठ्यांच्या दफ्तरांत भरलेला आहे. अम्माचे आजोबा कागद करत. तिच्या लहानपणीच तो धंदा बसला, पण लगद्याचा आणि खळीचा वास तिला ठाऊक होता. त्या १९८८ च्या प्रवासात दौलताबाद सोडल्यावर वाटेत कागजीपुरा लागला. हातकागदाचं गाव. अम्मा एसटीच्या खिडकीतून डोकं काढून बघत राहिली. परतताना तिथं उतरलो आणि तिनं दोन ताव घेतले. कशाला, तर उगीच. अंगठा आणि बोट यांत धरून तिनं ताव कानाशी वाजवला आणि मान हलवली. ते ताव तिच्या ट्रंकेत राहिले.

त्यातल्या एका तावाचा कोपरा घेऊन सरांनी पाण्याचा हात फिरवला. पाणी टीपकागदावर पसरावं तसं पसरलं. जुना हातकागद खळ लावून, दगडानं घोटून गुळगुळीत करत, तो बोरूनं लिहिण्यासाठी. त्यावर वॉश देता येत नाही, आणि हा कागद तर घोटलेलाही नव्हता. सर म्हणाले, "यावर कविता लिहा. चित्राला बाजारातला कागद आणा." मी थोडा हिरमुसलो. अप्पा बळवंत चौकातून जाड कागद आणला, तो ओला करून फळीवर चिकटवला.

फोटो पालथा घातला. आणि गंमत अशी की आधी आठवला तो अम्माचा प्रश्न. कैलासाच्या अंगणात सगळे लोक वर बघत होते, शिखराकडे. ती खाली बघत होती. म्हणाली, "एवढा पत्थर काढला, तो टाकला कुठं?" मी तेव्हा हसलो होतो. आता ठाऊक आहे की हा प्रश्न जाणत्यांनीही विचारला आहे. लेणं कोरताना काढलेल्या दगडाचा अंदाज दोन लाख टनांपर्यंत सांगतात. कारागिराच्या घरातल्या बाईला काम पाहिल्यावर आधी कचरा आठवतो.

पेन्सिलीचं काम तीन शनिवार चाललं. ध्वजस्तंभ मी सरळ उभा केला. हत्तीची सोंड तुटलेली आहे, ती तशीच ठेवली. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सायना मिसळला की पाषाणाचा करडा मिळतो. निळा जास्त झाला तर थंड, सायना जास्त झाला तर उन्हातला. पहिला हात दिला तेव्हा विटकरी झालेलं लेणं माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा काळं झालं, आणि सावलीतले दगड मी फोटोला न विचारता काढले.

अडलं ते एका ठिकाणी. अम्माची साडी. मला ती निळी आठवते. गडद, मोरपिसाकडे झुकणारी निळी. डोक्यावरून पदर, वाऱ्यानं थोडा फुगलेला. थोरली आपा फोनवर म्हणाली, "निळी कुठली रे? हिरवी होती. ईदला घेतलेली." फोटोत ती साडी पिवळट तपकिरी दिसते. सरांना विचारलं. त्यांनी हिशेब मांडला. हिरव्यातला निळसर उडाला तर पिवळा उरतो. निळ्यातला उडाला तर किरमिजी उरायला हवा. म्हणजे फोटोची साक्ष आपाच्या बाजूनं. ज्या फोटोला मी तीन ठिकाणी खोटं ठरवलं, त्याचीच साक्ष आता मानायची! आणि मी तर प्रत्यक्ष तिथं उभा होतो. डोळा कॅमेऱ्याला लावून का होईना, पण मीच होतो.

तरी निळा रंग डोळ्यांसमोरून हलत नाही.

सध्या चित्रात अंगण झालं आहे, हत्ती झाला आहे, भिंतींवर दुसरा हात बसला आहे. हत्तीच्या शेजारी बाईच्या आकाराचा कागद कोरा आहे. सर म्हणतात, असाच सोडला तरी चालेल, ऊन तिच्यावरच पडलंय असं वाटतं. मी अजून काही ठरवलेलं नाही. अम्माच्या साड्यांचं एक बोचकं आपाच्या माळ्यावर आहे. येत्या रविवारी ती ते खाली काढणार आहे.